लपून राहणारे रानातले लोक: त्यांच्या चालीरीती कशा असतील?

पानगळ
नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली, एक कादंबरी लिहिते आहे. जग काल्पनिक आहे. त्यात एक अफाट सदाहरित अरण्य आहे आणि त्या अरण्यात बाहेरच्यांना तोंड न दाखवणारे लोक राहतात. रानाच्या काठावरचे गावकरी त्यांना 'झाकोळी' म्हणतात. जेमतेम चारशे माणसं, सात-आठ वस्त्या. नदी ही त्यांची हद्द.

अशा लोकांची जी चित्रं आपण वाचत-बघत आलो, त्यात ते उंच झाडांवर राहतात, मोजकं बोलतात, बाण अचूक मारतात आणि उपऱ्याकडे खिन्न नजरेने बघतात. पण सकाळी उठून ते करतात काय? तान्हं मूल रडायला लागलं तर? दोन जावांचं भांडण झालं तर ओरडायचं कुठे? माझ्या पहिल्या खर्ड्यातही यातलं काहीच नव्हतं. नुसती हिरवी वस्त्रं आणि शांतता.

माझा अडलेला प्रश्न असा आहे. इरू नावाची एकोणीस वर्षांची मुलगी रान कायमचं सोडून जाणार आहे. पळून नाही, सगळ्यांना सांगून. तिचे लोक तिला निरोप कसा देतील? हे प्रकरण पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा फाडलं. प्रत्येक वेळी निरोपाची रीत वरून चिकटवल्यासारखी वाटते. ती त्यांच्या जगण्यातून उगवायला हवी. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

रातवा
विषय फार आवडीचा, म्हणून लगेच लिहितो. पानगळताई, निरोपाआधी एक गोष्ट ठरवा: हे लोक लपतात का? 'स्वभावाने एकलकोंडे' हे उत्तर चालणार नाही. चारशे माणसांचा स्वभाव एकसारखा नसतो.

खऱ्या जगातलं एक उदाहरण देतो. अंदमानजवळच्या उत्तर सेंटिनेल बेटावरचे लोक परक्याला किनाऱ्याला लागू देत नाहीत, म्हणून त्यांना 'रानटी' म्हणून मोकळे होणारे खूप आहेत. १८८० मध्ये पोर्टमन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्या बेटावरून सहा जणांना उचलून पोर्ट ब्लेअरला नेलं. एक म्हातारा, एक म्हातारी आणि चार मुलं. सगळे आजारी पडले, म्हातारा-म्हातारी दगावली. मुलांना भेटवस्तू देऊन बेटावर परत सोडण्यात आलं. त्या मुलांनी घरी जाऊन काय सांगितलं असेल याची कल्पना करा. सोबत आजारही गेला असेल तर? एवढी एक घटनासुद्धा पिढ्यान्पिढ्या दार बंद ठेवायला पुरेशी आहे.

तुमच्या झाकोळ्यांचं असं काही असेल, तर पहिली चाल आपोआप मिळते. नदीच्या काठाला जाऊन आलेला माणूस एक अख्खा चंद्र वस्तीबाहेरच्या खोपीत राहील. त्याच्या आईनेही त्याला शिवायचं नाही.

चुलवण
आधी पोटाचं सांगा. खातात काय?

पानगळ
रातवा, खोपीची कल्पना घेतली! चुलवणताई, फळं, मध, कंद, हरणाची शिकार.

चुलवण
वाटलंच होतं. आता जरा लांबण लावते, रागावू नका.

घनदाट पावसाळी रानात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोचतं. त्यामुळे खाण्याजोगं बरंचसं वर शेंड्याला असतं, माकडं आणि पक्ष्यांच्या हाती. माणसाला रोज लागणारं पिठूळ अन्न खाली फार थोडं मिळतं. १९८०च्या दशकात मानववंशशास्त्रात यावर मोठा वाद झाला: शेतकऱ्यांशी देवाणघेवाण न करता कुणी नुसत्या पावसाळी रानावर जगू शकतं का? पुढे काही अभ्यासकांनी दाखवलं की रानटी कंदांवर निभावता येतं, पण सगळीकडे नाही आणि सगळ्या ऋतूंत नाही.

त्यावर मीठ, लोखंड. सुरीचं पातं कुठून येतं? काठावरच्या गावांतूनच. म्हणजे ज्यांच्यापासून लपायचं, त्यांच्यावाचून चालतही नाही. माझ्या मते हे तुमच्या लोकांचं सगळ्यात दुखरं ठिकाण आहे आणि चालीरीती दुखऱ्या जागीच जमतात.

कोतवाल
चुलवण यांच्या प्रतिसादाला +१. यासाठी 'मूक व्यापार' वापरता येईल. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलंय. कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माल मांडायचे, जहाजावर परत जायचे आणि धूर करायचे. धूर बघून तिथले लोक यायचे, मालाशेजारी सोनं ठेवून मागे हटायचे. व्यापारी उतरून बघायचे. सोनं पुरेसं वाटलं तर उचलून निघायचे, नाही तर पुन्हा जहाजावर जाऊन बसायचे. मग ते लोक सोन्यात भर घालायचे. दोन्ही बाजूंना पटेपर्यंत कुणी कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. शब्दही नाही, भेटही नाही.

अर्धविराम
म्हणजे बोलण्याशिवाय घासाघीस. माझ्यासारख्या लाजाळू माणसाला हा बाजार फार मानवला असता :)

रातवा
कोतवालभाऊ, मूक व्यापाराच्या जुन्या वर्णनांवर पुढच्या अभ्यासकांनी बरीच शंका घेतली आहे. बऱ्याच वर्णनकारांनी ते स्वतः पाहिलेलं नव्हतं, ऐकीव लिहिलं. प्रत्यक्षात मध्ये कुणीतरी दुभाष्या, कुणीतरी ओळखीचा असायचाच, असा त्यांचा मुद्दा आहे.

कोतवाल
मान्य. पण कादंबरीसाठी ती शंकाच जास्त उपयोगाची नाही का? काठावरचे गावकरी सांगतात, "आम्ही त्यांना कधीच पाहिलं नाही." आणि खरं तर गावातली एक म्हातारी झाकोळ्यांच्या एका बाईला तीस वर्षं ओळखते. दोघी कुणालाच सांगत नाहीत.

पानगळ
ही म्हातारी मला द्या. आत्ताच वहीत लिहून ठेवली.

शब्दवेल्हाळ
भाषेबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

'मोजकं बोलतात' हे मला नेहमी खोटं वाटतं. लपणारी माणसं उलट फार बोलत असतील, फक्त वेगवेगळ्या तऱ्हांनी. कॅनरी बेटांपैकी ला गोमेरावर शिट्टीची भाषा आहे. शिट्टीने खुणेचे चार शब्दच नाही, तर पूर्ण स्पॅनिश वाक्यं बोलतात आणि ती दऱ्यांपलीकडे काही किलोमीटरवर समजतात. युनेस्कोने २००९ मध्ये तिला वारसा यादीत घेतलं, शाळेत मुलांना शिकवतात. तुमच्या झाकोळ्यांची शिट्टी बाहेरच्याला पक्ष्याची वाटायला हवी. पण खऱ्या पक्ष्याशी घोटाळा नको, म्हणून त्यात एक सूर मुद्दाम चुकीचा. पोरांना पहिला धडा त्याचाच: कुठला सूर पक्षी चुकत नाही आणि आपण चुकतो.

दुसरं, मनाई असलेले शब्द. मलायातले कापूर गोळा करणारे रानात गेले की रोजचे शब्द टाकून वेगळीच भाषा बोलायचे. नेहमीचे शब्द कानावर पडले तर कापूर हाती लागत नाही, अशी समजूत. ऑस्ट्रेलियात दिरबल भाषेत सासू-जावई यांसारख्या नात्यांतल्या माणसांच्या समोर बोलायचं झालं तर शब्दसंग्रहच वेगळा असायचा. व्याकरण तेच, शब्द दुसरे. तसं झाकोळ्यांचं 'काठावरचं बोलणं' असू शकतं. नदीपासून हाकेच्या अंतरात आलात की वस्तीचं नाव घ्यायचं नाही, पाण्याच्या जागांची नावं घ्यायची नाहीत, माणसांचीही नाहीत. कुणी ऐकलंच तर त्याला काही कळायला नको.

ओली माती
वाचते आहे. फार सुंदर धागा.

जुना वाटाड्या
झाडं एकमेकांशी जमिनीखालून बोलतात, बुरशीच्या धाग्यांतून. झाकोळ्यांना ते ऐकू येत असेल तर? परका आला की मुळं सांगतील.

रातवा
काका, इथे थोडा विरोध नोंदवतो. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी भूर्ज आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते हे रानात मोजून दाखवलं. तेवढं पक्कं. पण त्यावरून 'आईझाड पिल्लांना जेवू घालतं, धोक्याचे निरोप पाठवतं' वगैरे जे पसरलं, त्याला रानातला पुरावा अपुरा आहे, असं २०२३ मध्ये तीन संशोधकांनी सविस्तर मांडलं. त्या तिघांनीही याच क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केलेलं.

जुना वाटाड्या
काल्पनिक कादंबरी आहे रे बाबा. झाड बोललं तर बिघडलं कुठे?

रातवा
बिघडत नाही. फक्त झाडानेच सगळं सांगितलं तर माणसांनी शिकायचं काय उरतं? मला लक्ष देणारी माणसं हवीत. मोझांबिकमधले याओ मधवाले बघा. मधदर्शक नावाचा रानपक्षी त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. ते पोळं फोडतात, मध घेतात, पक्ष्याला मेण मिळतं. पक्ष्याला बोलावायला ते घशातून एक विशिष्ट घरघर काढतात, बापाकडून मुलाकडे आलेली. २०१६ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात त्या आवाजाने पोळं सापडायची शक्यता १६ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेली. यात जादू नाही. एक रानपाखरू आणि एक माणूस, दोघांनी एकमेकांची सवय लावून घेतलेली. बोलणाऱ्या झाडापेक्षा मला हे जास्त भारी वाटतं.

जुना वाटाड्या
हे मात्र भारी आहे. मानलं.

टिटवी
मला वेगळाच प्रश्न पडलाय. चारशे माणसं म्हणजे फार थोडी. संवर्धनशास्त्रात '५०/५००' असा एक जुना ठोकताळा आहे, १९८०चा. जवळच्या रक्तातल्या संबंधांचे तातडीचे दुष्परिणाम टाळायला प्रजननक्षम ५० जीव, लांब पल्ल्यासाठी ५००. तो प्राण्यांच्या संख्येसाठी सांगितलेला आहे आणि त्यावर वादही आहेत, पण झाकोळ्यांतल्या म्हाताऱ्या बायकांना हे अनुभवाने ठाऊक असणार. कोण कुणाचं कोण हे त्या बोटांवर मोजत असतील. म्हणजे इरू जाते तेव्हा एक मुलगी तर जातेच, शिवाय पुढच्या दोन पिढ्यांच्या सोयरिकींचं गणित मोडतं. तिला सांगून जाऊ देतात, हे मला पटत नाही. अडवतील.

चुलवण
टिटवी, अडवतील हे बरोबर. पण अडवून ठेवलेलं माणूस लपून राहणाऱ्या वस्तीत सगळ्यात धोक्याचं. एक नाराज माणूस दिवसा ओला जाळ करेल आणि तो धूर काठावरून दिसेल. म्हणून 'राहायचं तर मनाने' हा त्यांचा पहिला कायदा असावा.

अर्धविराम
तिला मेलेली समजतील ना सरळ? बऱ्याच गोष्टींत तसंच असतं. नाव टाकायचं, पाठ फिरवायची, संपलं.

ओली माती
मी फक्त वाचणार होते, पण अर्धविराम यांचं वाचून राहवलं नाही.

माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. भांडून नाही, सांगूनच. गेल्यावर घरात कुणीतरी म्हणालं, "आता तो आपल्याला नाही असं समजा, म्हणजे त्रास होणार नाही." आईने त्या माणसाला काही उत्तर दिलं नाही. त्या रात्री तिने त्याच्या खोलीतला दिवा लावला आणि पुढेही रोज लावत राहिली. बल्ब गेला की तीच स्टुलावर चढून बदलायची, आम्हाला करू द्यायची नाही. गेलेल्याला मेलेलं समजणं बाहेरून बघणाऱ्याला सोपं वाटतं. एकमेकांना जपण्यासाठीच जे लपलेत, ते असं करतील यावर माझा विश्वास बसत नाही.

अर्धविराम
ओली माती, माझे शब्द मागे घेतो. तुमचं बरोबर आहे.

शब्दवेल्हाळ
ओली माती यांनी लिहिलं त्यावरून एक आठवलं. बोर्निओतल्या पेनान लोकांत घरातलं कुणी वारलं की मागे राहिलेल्यांचं नाव बदलतं. कोण गेलं त्यावर ते अवलंबून. थोरलं मूल गेलेल्याला एका नावाने हाक मारतात, बाप गेलेल्याला दुसऱ्या. म्हणजे माणसाचं दुःख त्याच्या हाकेतच असतं, वेगळं सांगावं लागत नाही. इरूचं नाव तसंच राहू दे. तिच्या आईचं बदलेल, भावाचं बदलेल. आणि ती परत आली तर पुन्हा पहिलं होईल.

पानगळ
शब्दवेल्हाळ, हे वाचून दहा मिनिटं नुसती बसून राहिले. ओली माती, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

ढलपी
इतके दिवस लांबून वाचत होतो, आता कपड्यांबद्दल लिहितो. पहिल्या पोस्टमध्ये 'हिरवी वस्त्रं' आहेत. कापूस नाही, मेंढ्या नाहीत, मग वस्त्रं कशाची? झाडाच्या सालीची करा. युगांडात मुतुबा नावाच्या झाडाच्या सालीचं कापड करतात. युनेस्कोने त्या कलेला २००५ मध्ये मान दिला आणि २००८ मध्ये वारसा यादीत घेतलं. साल पावसाळ्यात काढतात. झाड मरत नाही. उघड्या पडलेल्या खोडाला केळीची पानं गुंडाळून ठेवली की नवी साल येते आणि त्याच झाडाची साल पुढे वर्षानुवर्षं काढता येते. काढलेली साल लाकडी मोगऱ्यांनी कुटत कुटत रुंद करतात. रंग हिरवा नाही, भाजलेल्या मातीसारखा तांबूस.

मी हौसेने एकदा साल कुटून पाहिली आहे, हातभर लांब पट्टा. ओली साल फळीवर ठेवायची आणि आडव्या खाचा पाडलेल्या मोगऱ्याने ठोकायचं. पहिला अर्धा तास काहीच होत नाही. लगदा होतोय की काय असं वाटायला लागतं. मग एकदम तंतू सुटायला लागतात, पट्टा बोटाच्या पेराएवढा रुंदावतो, आणखी ठोकला की आणखी. घडी घालून पुन्हा ठोकायचं. मनगट भरून येतं. आणि आवाज! ठक, ठक, ठक, एका लयीत. दोन मजले खालची माणसं वर येऊन विचारून गेली, काय चाललंय म्हणून.

तेव्हाच मनात आलं होतं, लपून राहणारे लोक हे कुटणार कसं?

कोतवाल
अरे! खरंच कसं कुटणार?

चुलवण
पावसात.

चुलवण
घाईत एकच शब्द लिहिला. म्हणजे असं: साल निघते पावसाळ्यातच, आणि धो धो पाऊस रानाच्या छतावर कोसळत असताना दहा पावलांवरचं बोलणं ऐकू येत नाही. धूर वर चढत नाही, पावलांचे ठसे राहत नाहीत. मग पावसाची झोड उठली की सगळी वस्ती मोगरे घेऊन बसेल आणि कुटायला लागेल. वर्षातले तेवढेच दिवस.

ओली माती
आणि कुटण्याबरोबर बाकीचंही! वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं. मोठ्याने हसणं. पोरांनी किंचाळत पळणं.

शब्दवेल्हाळ
भांडणं! पानगळताई, तुमच्या दोन जावा आठवतात? त्या हिवाळ्यापासून थांबल्यात. "पाऊस लागू दे, मग बघते तुझ्याकडे" ही झाकोळ्यांतली म्हण असणार. आणि ज्या भांडणाचा राग पावसापर्यंत टिकला नाही, ते भांडण नव्हतंच.

कोतवाल
लग्नंही पावसात. ढोलही पावसातच. गाणी फक्त ओरडून म्हणायची, कारण त्याशिवाय शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही. म्हणजे त्यांचं संगीत कुजबुजीचं नाही, गळा फोडून गायचं. बाहेरच्या जगाला ते गातात हेच माहीत नाही.

जुना वाटाड्या
आफ्रिकेत काँगोमधल्या इटुरीच्या रानातल्या म्बुटी लोकांचं आठवलं. संकट आलं, कुणी गेलं, तर ते म्हणतात की रान झोपलंय, म्हणून असं झालं. मग रात्र-रात्र गाऊन त्याला जागं करतात. रान चांगलंच आहे, फक्त त्याचं लक्ष नव्हतं, एवढाच भाव. तुमच्या झाकोळ्यांचा देवही तसाच असू द्या. पाऊस म्हणजे रानाने त्यांच्यावर घातलेली चादर: घ्या, आता काय बोलायचं ते बोलून घ्या.

रातवा
सगळे रंगात आलात, मीही आलो. पण एक खोट काढतो. ज्या पावसात त्यांचा आवाज बाहेर जात नाही, त्या पावसात बाहेरच्याचा आवाजही त्यांना येत नाही. शिट्ट्या चालत नाहीत, पाखरं गप्प. परक्याने आत शिरायला तीच वेळ सगळ्यात सोयीची. म्हणजे उत्सवाच्या दिवसांत नदीवर पहारा दुप्पट लागेल. कुणीतरी प्रत्येक वेळी उत्सवाला मुकणार.

टिटवी
रातवा, ही खोट नाही, ही इरू आहे! पहाऱ्यावर सलग चार पावसाळे बसलेली मुलगी. मागे तिचे लोक नाचतायत आणि तिला ते ऐकूही येत नाही. समोर नदीपलीकडे गावातले दिवे आणि ते रोज दिसतात. ती बाहेर का जाते याचं उत्तर मिळालं. अडवतील असं मी म्हणाले होते, ते मागे घेते. चार पावसाळे तिने त्यांच्यासाठी दिलेत, आता कुठल्या तोंडाने अडवणार?

पानगळ
मंडळी, मी रडते आहे आणि हसतेही आहे. तीन वर्षं मला ती का जाते हेच नीट माहीत नव्हतं. 'बाहेरच्या जगाची ओढ' असं लिहून पुढे सरकत होते.

म्हणजे निरोप पावसात. आईचं नवं नाव सगळ्यांनी पहिल्यांदा मोठ्याने हाकारायचं, पावसात. आजच लिहायला बसते.

ढलपी
थांबा. त्या वर्षी पाऊस पडला नाही तर?

पानगळ
(दोन दिवसांनी)

ढलपी, तुमच्या प्रश्नाने झोप उडवली. आता तसंच लिहिलं आहे.

पाऊस पडत नाही. आषाढासारखे दिवस कोरडे जातात. भांडणं साठलेली, दोन लग्नं अडलेली, कापडं विरलेली. इरूने जायचा दिवस चंद्रावर ठरवलेला असतो, तो पुढे ढकलता येत नाही, कारण नदी उतरलेली आहे आणि पुढच्या वर्षी ती कदाचित ओलांडता येणार नाही. म्हणून ती कोरड्या रानातून जाते. सगळी वस्ती काठापर्यंत येते आणि कुणालाच आवाज काढता येत नाही. आई तिच्या मनगटावर हात ठेवते आणि काढून घेते. आईचं नवं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते अजून कुणी उच्चारलेलं नाही. पाऊस येईपर्यंत त्या बाईला कुणी हाकच मारत नाही. सत्तेचाळीस दिवस ती बिननावाची राहते.

मग पाऊस येतो. पहिल्या सरीला लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे उघड्यावर येऊन ते नाव हाकारतात आणि आई त्या दिवशी पहिल्यांदा रडते.

चुलवण
छान झालंय. खूपच. फक्त 'आषाढासारखे' काढा, त्यांचे महिने त्यांचे असू देत. आणि इरूसोबत काही जातं का? तशी रिकाम्या हाताने आई पाठवणार नाही.

ढलपी
न कुटलेली साल द्या. पण त्या वर्षीची नको. झाड कोरडं असताना साल सुटी होत नाही, चिकटून बसते. गेल्या पावसाळ्यात काढून गुंडाळून ठेवलेला पट्टा असेल, वाळलेला, कडक. कुटण्याआधी भिजवावा लागेल. आईने तो स्वतःसाठी ठेवला होता.

ओली माती
मग नदीपलीकडे, काठावरच्या त्या म्हातारीच्या अंगणात इरू तो पट्टा भिजवेल. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलेलं असेल. फळी मांडेल, मोगरा उचलेल आणि तो तसाच हवेत धरून पाऊस यायची वाट बघत बसेल, सवयीने. म्हातारीच तिला सांगेल, "ठोक ना, इथे कुणी ऐकलं तरी चालतं."

पानगळ
म्हातारीला ही रीत ठाऊक असते, कारण तीस वर्षांपूर्वी तीही तिकडूनच आली होती. कोतवाल, ती दुसरी बाई तिची बहीण आहे. आत्ताच कळलं मला. लिहायला जाते.